घरच्या घरी कॅम्परसाठी रॅम्प: उंचीआधी जमीन, लोखंडाआधी उतार

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. औसा तालुक्यात शेतातच घर आहे आणि घरापुढे काळ्या मातीचं अंगण. ४०२० मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन तुम्ही तिचा कॅम्पर केलाय. आत दोन पलंग, स्वयंपाकाचा ओटा, गॅस, २०० लिटरची पाण्याची टाकी, आणि मागच्या एक्सलच्याही मागे खाली लटकवलेली सांडपाण्याची टाकी. आई-वडिलांना घेऊन औंढा, परळी, माहूर अशा फेऱ्या होतात. इंजिन ऑइल बदलणं, प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा फिरता दांडा) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीस मारणं आणि त्या टाकीचा गळका व्हॉल्व्ह बदलणं, एवढी कामं तुम्हाला घरीच करायचीत. त्यासाठी चाकं वर चढवायला विटा रचून वर फळ्या टाकल्या तर चालेल का, नाहीतर रॅम्प लाकडी बरा की लोखंडी, आणि उंची दोन फूट ठेवली तर खाली बसून काम होईल का, असं तुम्ही विचारलंत.

विटांचं उत्तर आधी देतो: नाही. बाकीची उत्तरं तीन गोष्टींवर ठरतात. गाडीचं खरं वजन किती, खालची जमीन कशी, आणि काम गाडीच्या नेमक्या कुठल्या भागात आहे. मी जालन्यात ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर बनवतो, त्यांची दुरुस्तीही करतो, त्यामुळे जड गाड्यांखाली झोपणं हे रोजचंच. घरगुती रॅम्प निव्वळ वजनाने मोडला असं मी क्वचितच पाहिलंय. तो पुढे सरकतो, एका बाजूने खचतो, नाहीतर गाडी त्याच्यावरून मागे येते. लोक मात्र सगळा विचार ताकदीचा करतात आणि या तीन गोष्टी राहून जातात.

विटांबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण नुसता हिशेब केला तर वीट पास होते आणि तिथेच माणूस फसतो. टायर जमिनीवर साधारण त्याच्यातल्या हवेइतकाच दाब देतो. ६० पौंड हवा असेल तर चौरस सेंटिमीटरला चार-सव्वाचार किलो. भट्टीची बरी वीट चौरस सेंटिमीटरला ३५ किलो सहज घेते. म्हणजे कागदावर आठपट सुरक्षित. पण ती ३५ किलोची ताकद वीट सपाट बसलेली असताना आणि वजन सगळीकडून सारखं येत असताना मोजलेली असते. आपल्या रचलेल्या थरात एक वीट दोन मिलिमीटर उंच असते, एकीखाली खडा असतो, वरची फळी वाकते आणि सगळं वजन विटेच्या कडेवर येतं. वीट वाकत नाही, करकरत नाही, आधी सूचना देत नाही. थेट फुटते. पोकळ सिमेंट ब्लॉक आणि सायपोरेक्सचे ठोकळेही असेच. लाकूड आणि लोखंड आधी दबतात, वाकतात, आवाज करतात. माणूस खाली झोपणार असेल तर असंच साहित्य हवं. दगडाचा नुसता रचलेला ढीग किंवा मातीची पोती हेही त्याच यादीत धरा.

आता वजन. कंपनीच्या कागदावरचा आकडा तुमच्या गाडीचा राहिलेला नाही. आत प्लायवूड, पलंग, बॅटऱ्या, टाक्या आल्यात. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. लातूरच्या मार्केट यार्डात, जवळच्या साखर कारखान्यावर किंवा एखाद्या जिनिंगवर वजनकाटा मिळेल. टाक्या भरून, सामान ठेवून गाडी न्या. आधी पूर्ण गाडी तोला, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून तोला, मग फक्त मागची. काटेवाल्याला सांगितलं की तो करून देतो. समजा एकूण ४,२०० किलो भरलं, त्यात पुढे १,६०० आणि मागे २,६००. म्हणजे पुढच्या एका चाकाखाली ८०० किलो आणि मागे एका बाजूला १,३००. पुढचे सगळे हिशेब मी याच आकड्यांवर करतो. तुमचे आकडे वेगळे निघतील, ते त्या जागी घाला. रॅम्प मात्र मागच्या चाकाच्या वजनाला आणि मागच्या चाकाच्या रुंदीला पुरेल असाच करायचा. पुढच्या चाकापुरता केलेला रॅम्प कधीतरी कुणीतरी मागच्या चाकाखाली लावतंच.

जमिनीकडे येतो, कारण आपल्या भागात खरी अडचण इथे आहे. काळी माती मे महिन्यात दगडासारखी लागते, भेगांत हात जातो. तीच माती पावसाळ्यात फुगते आणि पायाला धरून बसते. सर्वांत फसवा काळ म्हणजे पाऊस थांबल्यानंतरचे काही आठवडे. वरून वापसा आलेला असतो, दोन बोटं माती सुकून टणक झालेली असते, आणि खाली वीतभरावर अजून लोणी असतं. माणूस चालतो तेव्हा काही कळत नाही. रॅम्प ठेवून गाडी चढवली की अर्ध्या तासाने एक बाजू हळूहळू बसायला लागते, आणि तोवर तुम्ही खाली असता.

तपासायची पद्धत साधी आहे. एका पायाच्या टाचेवर पूर्ण वजन देऊन उभे राहा. ७० किलोचा माणूस टाचेवर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलोचा दाब देतो. रॅम्पच्या पन्नास बाय पंचेचाळीस सेंटिमीटरच्या बुडावर १,३०० किलो आले तर दाब सहाशे ग्रॅमच्या आत राहतो. म्हणजे टाच रुतली तर जागा बाद. पण टाच रुतली नाही म्हणून जागा पास होत नाही. टाचेचा दाब चार बोटांत विरून जातो, रॅम्पचा दाब हातभर खोल पोचतो. म्हणून पहार घ्या आणि चार ठिकाणी दोन्ही हातांनी सरळ दाबा. वरचा थर फोडल्यावर पहार हातानेच आत शिरायला लागली तर तिथे गाडी चढवायची नाही. वरून कितीही जाड फळ्या टाका, दाब पसरतो पण माती तीच राहते.

घर तुमचंच, जागा तुमचीच, तर माझा सल्ला असा की पहिला खर्च रॅम्पवर नको, गाडी उभी करायच्या काँक्रीटच्या ओट्यावर करा. आधी तुमच्या विहिरीत डोकावून बघा. काळी किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो हे विहिरीच्या भिंतीवर स्वच्छ दिसतं. काळी दोन-अडीच फुटांत संपत असेल तर ती पूर्ण काढा. जास्त खोल असेल तर निदान दोन-अडीच फूट काढा. तिथे चांगला मुरूम वीत-वीतभराच्या थराने टाका, प्रत्येक थरावर पाणी मारा आणि धुमसाने ठोका. एकदम सगळा टाकून वरून ट्रॅक्टर फिरवला तर वरचाच थर बसतो, खालचा भुसभुशीत राहतो. त्यावर दगडाचं सोलिंग आणि वर जाळी घालून पाच-सहा इंच काँक्रीट. गवंड्याला सांगा की पाणसळ लावून लांबी-रुंदी दोन्हीकडे समतल हवं आहे, पाणी काढायला हवा तर अगदी किंचित ढाळ. भोवती चर काढा म्हणजे पावसाचं पाणी कडेने खाली मुरणार नाही. काँक्रीटवर केराचा खराटा फिरवून पृष्ठभाग खरबरीत ठेवा. हौसेने गुळगुळीत घोटाई किंवा शहाबादी फरशी करू नका.

फरशीला का नाही म्हणतोय ते आता सांगतो, हा माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

तुमची गाडी मागच्या चाकांनी ढकलली जाते. पुढची चाकं रॅम्पवर चढतात तेव्हा ती स्वतः ओढत नाहीत, मागून ढकललेली असतात. म्हणून ती रॅम्पला पुढे रेटतात. किती रेटतात ते उतारावर ठरतं. एकास पाच उतार असेल, म्हणजे एक मीटर लांबीत २० सेंटिमीटर चढ, तर रेटा वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतका. ८०० किलोच्या चाकाला १६० किलो. एवढा रेटा खरबरीत काँक्रीट सहज धरून ठेवतं. पण रॅम्पच्या सुरुवातीला, जिथे टायर पहिल्यांदा टेकतो तिथे, फळीची सरळ कापलेली चार सेंटिमीटरची कड असेल तर? टायरची त्रिज्या ३५ सेंटिमीटरच्या आसपास असते. एवढ्या टायरला चार सेंटिमीटरची उभी पायरी म्हणजे त्या क्षणी एकास दोनचा चढ. रेटा एकदम वजनाच्या निम्म्यावर जातो, ८०० किलोला ४०० च्या वर. टायर थोडा दबतो म्हणून प्रत्यक्षात काहीसा कमी, पण तरी एकास पाचच्या दुपटीच्या वरच. गुळगुळीत फरशीवर लोखंडाची पकड वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते, धूळ किंवा तेल सांडलेलं असेल तर आणखी कमी. मग रॅम्प सरकणारच. ड्रायव्हरला वाटतं गाडी चढत नाही म्हणून तो आणखी रेस देतो, रॅम्प सटकन पुढे जातो, आणि बंपर किंवा ऑइल चेंबर त्याच्यावर आदळतं. सरकलेला रॅम्प उचलून बघा, त्याच्या ओठाखाली, म्हणजे टायर पहिल्यांदा टेकतो त्या कडेखाली, फरशीवर चकचकीत घासलेली पट्टी दिसते. ती दिसली की समजायचं, चूक ओठाच्या जाडीत आहे.

एकावर एक फळ्या ठेवून केलेला पायऱ्यांचा रॅम्प सगळ्यात सोपा म्हणून लोक करतात. त्यात प्रत्येक पायरी हा असाच एक ओठ असतो. करायचाच असेल तर प्रत्येक फळीचं टोक तिरपं तासून घ्या, तासलेल्या भागाची लांबी फळीच्या जाडीच्या निदान चौपट, शक्यतो पाचपट.

सरकण्यावर दुसरा इलाज स्वस्त आहे. साखर कारखान्यात कन्व्हेयरचा जुना रबरी पट्टा निघतो, भंगारात मिळतो. रॅम्पच्या बुडाला पूर्ण लांबीचा पट्टा लावा आणि तो ओठाच्या पुढे दीड-दोन फूट चाकाच्या दिशेने मोकळा सोडा. चाक आधी त्या पट्ट्यावर येतं, आपल्याच वजनाने पट्टा दाबून धरतं, मग चढायला लागतं. रॅम्प जागचा हलत नाही. पट्टा बुडाला नुसता चिकटवू नका, बोल्ट आणि पट्टीने आवळा.

मागच्या चाकांनी, म्हणजे रिव्हर्समध्ये, चढवताना हिशेब थोडा बदलतो. ओढणारी चाकंच रॅम्पवर असतात, त्यामुळे हळू चढवलं तर रॅम्पला आडवा रेटा फारसा येत नाही. पण क्लच झटक्यात सोडला की चाक रॅम्पलाच उलटं फेकतं. म्हणून रिव्हर्समध्ये मुंगीच्या चालीनेच चढवायचं.

उंची. दोन फूट सोडून द्या. पुढची चाकं दोन फूट वर घेतली तर गाडी साडेआठ अंशांनी मागे कलते आणि मागच्या एक्सलच्या मागे दीड मीटर बाहेर असलेला भाग २२ सेंटिमीटर खाली येतो. तुमची सांडपाण्याची टाकी जमिनीला टेकेल. शिवाय एकास पाच उताराने नुसता चढच तीन मीटरचा होईल. २० सेंटिमीटर पुरेसे आहेत. त्यात गाडी तीन अंशांच्या आत कलते आणि मागचा भाग साधारण साडेसात सेंटिमीटर उतरतो. गाडीची मुळातली उंची अधिक हे २० सेंटिमीटर, एवढ्यात पाठीवर झोपून पाना फिरवता येतो.

पण कुठे काम आहे ते बघा. पुढचं टोक २० सेंटिमीटर उचललं तर मधोमध फक्त १० मिळतात आणि मागच्या एक्सलपाशी काहीच नाही. इंजिन ऑइलला पुढची चाकं वर हवीत. सांडपाण्याच्या टाकीला आणि मागच्या क्रॉसला मागची. डिफरन्शियलचं ऑइल बघायचं असेल तर गाडी सपाटच हवी, नाहीतर लेव्हल चुकीची दाखवते. इंजिन ऑइल भरून झालं की गेजही गाडी खाली उतरवून, सपाटीवरच बघा. चारही चाकं एकदम वर घेऊन बसून काम करायचं असेल तर उचलून नेण्याचा रॅम्प विसरा. त्यासाठी हायवेवरच्या वॉशिंग सेंटरला असतात तशा दोन समांतर भिंतीच बांधाव्या लागतील, पाया मुरमापर्यंत नेऊन. अर्धवट काळीत पाया ठेवला तर दोन पावसाळ्यांत एक भिंत दुसरीपेक्षा वर येते. तेवढी गरज तुमच्या तीन कामांना मला दिसत नाही.

लाकडी की लोखंडी? जागेवरच राहणार असेल आणि उंची १५ सेंटिमीटरपर्यंत पुरत असेल तर लाकूड. बाभळीचं घ्या, वखारीत मुरलेलं मिळालं तर उत्तम. ज्या लाकडाने बैलगाडीची चाकं आणि आऊत केली ते या कामाला कमी पडत नाही. ओलं घेतलं तर वाळताना पिळतं आणि तडकतं. पाच सेंटिमीटर जाडीच्या फळ्यांचे तीन थर, टोकं तासलेली, आरपार १२ मिलिमीटरच्या बोल्टने आवळलेले. बाभळीत खिळा ठोकला तर एकतर खिळा वाकतो नाहीतर फळी चिरते, म्हणून आधी ड्रिल मारा. बोल्टचं डोकं आत बुडवा, टायरला लागता कामा नये. वाळवीसाठी जळकं ऑइल लावायची पद्धत आहे. ते फक्त बाजूंना लावा. वर लावलं तर टायर घसरेल, खाली लावलं तर रॅम्प.

२० सेंटिमीटर हवेत आणि रॅम्प गाडीत टाकून न्यायचा असेल तर लोखंड. जालन्याच्या रोलिंग मिलचा अँगल-चॅनेल तुमच्या लातूरच्या दुकानातही मिळेल. माझी पद्धत अशी: बाजूंना ७५ मिलिमीटरचा चॅनेल, मधे ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरचा अँगल वीत-वीतभर अंतरावर आडवा, वर पाच किंवा सहा मिलिमीटरची चेकर प्लेट. पायांच्या खाली सुटे तुकडे न ठेवता चारही बाजूंनी अँगलची बंद चौकट, नाहीतर पाय काँक्रीटला टोचतात आणि मुरमात घुसतात. घरी पडलेल्या सळईचे पाय करू नका. सळई काँक्रीटच्या पोटात ताण घ्यायला असते, उभ्या दाबाखाली ती वाकते.

घरी केलेल्या बहुतेक लोखंडी रॅम्पमध्ये मला एकच उणीव दिसते: तिरपे आधार नसतात. पाय उभे, वर प्लेट, झालं. सरळ खाली येणारं वजन ते पाय घेतात. पण मघाशी सांगितलेला १६० किलोचा आडवा रेटा आला की सगळे पाय एकाच दिशेला झुकतात आणि रॅम्प कवायतीसारखा आडवा होतो. वेल्डिंगची जागा तेव्हा बिजागरी बनते. गाडीच्या दिशेने दोन्ही बाजूंना एक-एक तिरपा अँगल आणि रुंदीच्या दिशेने कैची, म्हणजे एकमेकांना छेदणारे दोन तिरपे अँगल, एवढं घातलं की रॅम्प घट्ट होतो. वेल्डिंग दहा गेजच्या रॉडने, अँगलची कड पूर्ण भरून. नुसते टाके मारून ठेवायचे नाहीत. प्लेटला मात्र खालून थोड्या-थोड्या अंतराने टाके पुरतात, सलग मारलं तर ती तापून पिळते.

मापं. रुंदी मागे एकेरी टायर असेल तर ३५ सेंटिमीटर. जोड टायर असतील तर बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि दोन्हीकडे पाच-पाच सेंटिमीटर वाढवा. आतला एकच टायर रॅम्पवर आणि बाहेरचा अधांतरी, असं टायर बदलताना ट्रकवाले करतात. खाली माणूस झोपणार असताना तसं करायचं नाही. वरचा सपाट भाग निदान ४५ सेंटिमीटर. त्याच्या शेवटी दहा सेंटिमीटर उंच अँगलचा अडसर, आणि सपाट भाग सुरू होतो तिथे वीस मिलिमीटरचा चौकोनी बार आडवा. चाक बारवरून उतरून खोबणीत बसतं, ड्रायव्हरला ते स्टेअरिंगमध्ये जाणवतं आणि तो थांबतो. अडसर हा ब्रेक नाही, कमी गिअरमध्ये डिझेल गाडी तो सहज ओलांडते. एक रॅम्प सगळा मिळून जड होईल, म्हणून उताराचा भाग आणि सपाट भाग वेगळे करून पिनने जोडा. पिनचं भोक ढिलं नको.

चाचणी गाडीनेच घ्या. तुमच्या गाडीत मागे १,३०० आणि पुढे ८०० येतात. म्हणजे जो रॅम्प पुढच्या चाकाला वापरायचा तो आधी मागच्या चाकाखाली लावला की सव्वा-दीडपटीच्या वर वजनाची चाचणी आपोआप होते. टाक्या भरलेल्या ठेवा. खाली कुणी जायचं नाही. रॅम्पच्या चारही कोपऱ्यांची काँक्रीटपासूनची उंची आधी आणि नंतर मोजून लिहा, गाडी रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी वेल्डिंगवर बारीक केसासारखी रेघ किंवा रंग तडकलेला दिसतो का बघा, उंची पुन्हा मोजा. काही बदललं असेल तर रॅम्प परत कारागिराकडे.

आता प्रत्यक्ष चढवणं. स्टेअरिंग सरळ, दोन्ही रॅम्प चाकांच्या अगदी मध्यरेषेत. एक माणूस बाजूला उभा राहून इशारे देईल, गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही नाही, लहान मुलं घरात. चाक खोबणीत बसलं की हँडब्रेक, इंजिन बंद, पहिला गिअर, किल्ली काढून खिशात. जमिनीवर राहिलेल्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी ठोका. मग गाडीला बाजूने दोन्ही हातांनी चांगली हलवा. जे व्हायचं ते आत्ता होऊ दे. त्यानंतर चॅसीखाली दोन्ही बाजूंना जॅक स्टँड, आपल्याकडे घोडी म्हणतात ती, वर लाकडाचा तुकडा ठेवून जवळजवळ टेकेल इतकी उभी करा. रॅम्प किंवा टायर काही कारणाने बसला तरी गाडी घोडीवर थांबेल. नुसत्या जॅकवर विसंबून खाली जायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण सांगतोच.

ग्रीस मारताना एक धोका असतो, आणि तो माहीत नसतो म्हणून जास्त. क्रॉसचा निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, नेमका वरच्या बाजूला असतो. मग खाली झोपलेला माणूस ओरडतो, जरा न्यूट्रल कर, गाडी थोडी ढकल. त्या एका क्षणात गिअर गेला, हँडब्रेक गेला, आणि गाडी उतारावर आहे. असं कधीही करायचं नाही. ग्रीसगनला लवचिक होज लावा, बहुतेक वेळा निपल त्याने सापडतो. नाहीच सापडला तर बाहेर या, पाचरी काढा, गाडी खाली उतरवून पुन्हा चढवा. शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट फिरतो, त्यामुळे चाक वीतभर पुढे-मागे बसलं तरी निपल दुसरीकडे येतो. क्रॉस बदलायला शाफ्टच उतरवायचा असेल तर लक्षात ठेवा, शाफ्ट निघाला की गिअरचा चाकांशी संबंध संपतो. काही जपानी धाटणीच्या हलक्या ट्रकांत हँडब्रेकही गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर असतो, तिथे शाफ्टबरोबर तोही जातो. उरतात फक्त पाचरी.

तुमच्या गाडीत गॅस आहे, म्हणून खड्ड्याबद्दलही बोलतो. तुम्ही विचारलं नाही, पण ओटा करताना कुणीतरी नक्की सुचवेल की त्यापेक्षा गॅरेजसारखा खड्डाच खणा. कॅम्परसाठी खणू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली उतरून खड्ड्यात साठतो, आणि दिव्याच्या बटणाची ठिणगीसुद्धा पुरते. शिवाय काळ्या जमिनीत खड्डा पावसाळाभर पाझरत राहतो. रॅम्पवर निदान हवा खेळती असते. तरीही काम सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद करून सिलिंडर गाडीबाहेर काढून ठेवा. खालून चॅसीला काही वेल्डिंग करायचा मोह झाला तर थांबा. वर प्लायवूड आणि फोम आहे, आतून पेट घेतलेला बाहेरून कळत नाही. टाकीचा ब्रॅकेट नट-बोल्टने लावा.

तर क्रम असा ठेवा: काट्यावर वजन, विहिरीत बघून जमीन, मुरूम-काँक्रीटचा ओटा, मग २० सेंटिमीटरचा, एकास पाच उताराचा, पट्टा लावलेला रॅम्प. ओटा होईपर्यंत इंजिन ऑइल लातूरलाच बदला. व्हॉल्व्हसाठी मात्र थांबू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, गाडी पक्क्या सपाट जागेवर लावा, चारही चाकांना पाचरी ठोका. टाकी एक्सलच्या मागे आहे, त्यामुळे मागून आडवं झोपून हात पोचतो, गाडी उचलायची गरजच नाही. रॅम्पचं काम काढाल तेव्हा काट्याच्या तिन्ही पावत्या, मागच्या टायरांची बाहेर-ते-बाहेर रुंदी आणि पुढच्या बंपरची जमिनीपासूनची उंची कळवा. चॅनेल-अँगलची कटिंगची मापं काढून देतो, ती घेऊन तुमच्या जवळच्या फॅब्रिकेटरकडे जा.